पंडिता रमाबाई आणि दुष्काळातील लेकरे

विक्रम संवत १९५६, म्हणजे इ. स. १८९९-१९०० हे वर्ष गुजरातने अद्याप विस्मरणात टाकलेले नाही. ‘छप्पनियो’ हा शब्द उच्चारताच घरातील वडीलधारी माणसे क्षणभर गप्प होत, अशी या दुष्काळाची दहशत पुढे कितीतरी वर्षे होती. पाऊस आला नाही. गवत नाही, म्हणून गुरे गेली. गुरे गेली म्हणून शेती गेली, आणि अखेर माणसे रस्त्यावर आली. दुष्काळाच्या पाठोपाठ पटकी आली. पंचमहालात मृत्यूने जे थैमान घातले त्याला मुंबई इलाख्यात तोड नव्हती. सुरतेच्या आसपासचा मुलूख त्या मानाने सुदैवी. तरीही मुंबईकडे जाणारी आगगाडीची वाट सुरतेवरूनच जात असल्यामुळे उत्तरेकडील हाल या शहराला दृष्टीआड करता आले नाहीत.

त्या वर्षी पुणे जिल्ह्यातील केडगावाहून काही मराठी स्त्रिया गुजरातेत हिंडत होत्या. अंगावर साधी लुगडी, हातात शिधा, आणि नजर रस्त्याच्या कडेला पडलेल्या मुलींवर. मिळतील त्या मुली गोळा करायच्या, त्यांच्या पोटात सोसेल एवढेच अन्न घालायचे आणि गाडीने केडगावला घेऊन जायचे, एवढेच त्यांचे काम. त्यांतील कित्येकजणी तीनच वर्षांपूर्वी अशाच दुष्काळातून उचलून आणलेल्या होत्या. त्यांना पाठविणारी स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचे नाव घेताच मराठी वाचकाला शारदासदन आठवते, ‘केसरी’तील वाद आठवतो, धर्मांतर आठवते. बहुतेक चरित्रपर लेख १८९३ च्या त्या वादापाशी येऊन थबकतात. पुढची एकोणतीस वर्षे दोन-चार वाक्यांत उरकली जातात. वास्तविक बाईंच्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम या एकोणतीस वर्षांतलेच आहे. त्या कामाचा केंद्रबिंदू विद्वान स्त्री नव्हे, विधवाही नव्हे. ज्याचे कोणीही उरलेले नाही असे मूल हा तो केंद्रबिंदू होय.

त्याचे मूळ बाईंच्या स्वतःच्या बालपणात शोधावे लागते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या कानडी मुलखातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे मोठे पंडित. आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, त्यांनी संस्कृत शिकविण्याचा घाट घातला आणि त्यापायी सनातनी मंडळींचा रोष ओढवून घेतला. स्त्रीने संस्कृत शिकण्यास शास्त्राचा प्रतिबंध नाही, हे त्यांनी उडुपीच्या पंडितसभेपुढे शास्त्राधारानेच मांडले होते. लक्ष्मीबाईंनी आपली विद्या धाकट्या मुलीला दिली. पहाटे आईच्या मांडीवर बसून रमेने श्लोक पाठ केले. घर असे या कुटुंबाला फार काळ लाभले नाही. तीर्थाटन करावे, देवळात पुराण सांगावे, जे मिळेल त्यावर निर्वाह करावा, असा त्यांचा क्रम होता. रामेश्वरापासून द्वारकेपर्यंतचा देश रमेने पायी पाहिला तो याच वयात.

मग १८७४ पासून दक्षिणेत अवर्षणाची वर्षे सुरू झाली. हातातला पैसा तीर्थांवर आणि दानधर्मात संपलेला. शरीरकष्टाची मजुरी करणे ब्राह्मण पंडिताच्या घराला ठाऊक नव्हते आणि उघड भीक मागणे लाजेचे. भांडी विकली, अंगावरचे किडूकमिडूक विकले, पाण्यावर आणि झाडपाल्यावर दिवस काढले. तिरुपतीच्या परिसरातील रानात म्हाताऱ्या अनंतशास्त्र्यांनी देह ठेवला. काही महिन्यांच्या आत आई गेली आणि त्यानंतर थोरली बहीण कृष्णाबाई. अखेरच्या आजारात आईला घासभर अन्न मिळावे म्हणून शेजारच्या घरी बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागायला रमा गेली, तेव्हा दारात उभी राहूनही तिच्या तोंडून शब्द फुटेना. हा प्रसंग बाईंनी पुढे स्वतःच लिहून ठेवला आहे. वेद-पुराणे मुखोद्गत असलेल्या मुलीची वाणी भाकरीच्या तुकड्यापुढे खुंटली. केडगावच्या संस्थेचा पाया नेमका कधी घातला गेला असे कोणी विचारले, तर सन १८९६ किंवा १८९८ सांगण्याऐवजी या दाराकडे बोट दाखविणे अधिक योग्य ठरेल.

उरली ती दोन भावंडे. श्रीनिवासशास्त्री आणि रमा हजारो मैल पायी चालत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. वर कायस्थ, वधू ब्राह्मण, भाषा वेगळी, प्रांत वेगळा. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने बिपिनबाबू गेले. तेविसाव्या वर्षी बाई विधवा झाल्या. कडेवर दहा महिन्यांची मुलगी घेऊन त्या पुण्यास आल्या. आर्य महिला समाज, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक, हंटर आयोगापुढील साक्ष, हे सारे १८८२ या एकाच वर्षातले.

१८८३ मध्ये वैद्यकाचे शिक्षण घेण्याच्या इराद्याने त्या इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत असल्याने तो विचार सोडावा लागला. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वॉन्टेज येथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात याने जी खळबळ उडाली ती सर्वश्रुत आहे. मात्र त्यानंतर ज्यांच्या छायेत बाई राहत होत्या त्या मठवासिनींशीही त्यांचे वारंवार खटके उडाले, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. गळ्यातील क्रुसावरची अक्षरे लॅटिनमध्ये का असावीत, संस्कृतमध्ये का नसावीत, असा प्रश्न त्यांनी केला. त्रैक्याच्या सिद्धांताविषयी आपल्या शंका उघड बोलून दाखविल्या. मनोरमेला कोणत्या पंथाचे कोणते मत शिकवायचे हा निर्णय आईचा, मठाचा नव्हे, असे त्यांनी स्पष्ट बजावले. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे या कल्पनेला हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा त्याही बाबतीत त्यांनी आपला संताप लपविला नाही. ज्या बाईने उडुपीच्या पंडितांपुढे न नमलेल्या बापाच्या घरी जन्म घेतला ती बिशपांपुढे तरी कशी नमावी? धर्म बदलला, स्वभाव बदलला नाही. पुढे केडगावची संस्था कोणत्याही एका पंथाच्या दावणीला बांधली गेली नाही, याचे कारण या पत्रव्यवहारात सापडते.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी बाई अमेरिकेस गेल्या आणि तेथे जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक, बोस्टनमध्ये त्यांच्या कार्यासाठी स्थापन झालेली रमाबाई असोसिएशन, गावोगावची व्याख्याने, यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. बालशिक्षणाच्या दृष्टीने मात्र आणखी एक गोष्ट नोंदविण्याजोगी आहे. फिलाडेल्फियात त्यांनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा रीतसर अभ्यास केला आणि मराठीत त्या पद्धतीची क्रमिक पुस्तके तयार करण्यास घेतली. मुलाला पाठांतराच्या घाण्याला न जुंपता, त्याच्या हाताला आणि डोळ्याला काम देऊन शिकवावे हा विचार आपल्याकडे रुजण्यापूर्वीच तो एका मराठी स्त्रीच्या दप्तरात येऊन पडला होता. स्वतः वीस हजारांच्या आसपास श्लोक पाठांतराने शिकलेल्या बाईंनी तो उचलावा, यात एक गंमतही आहे.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदासदन सुरू झाले. गोदूबाई नातू ही तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी. याच गोदूबाई १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी विवाहबद्ध होऊन आनंदीबाई कर्वे झाल्या. १८९० च्या अखेरीस सदन पुण्यास हलले. करार असा होता की, सदनात धर्मोपदेश होणार नाही. तो बाईंनी वर्गात पाळला. पण स्वतःच्या खोलीत प्रार्थना करताना दार लावून घेण्याचे त्यांनी नाकारले आणि त्या उघड्या दारातून काही मुली आत येऊन बसू लागल्या. येथून वादाला तोंड फुटले. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या.

या वादात दोन्ही बाजूंकडे पाहिले पाहिजे. विश्वासाने सोपविलेल्या मुलींचे मन वळू लागले, हा पालकांचा धसका खोटा नव्हता. लोकशिक्षणासाठी झटणाऱ्या रानडे-भांडारकरांना आपण फसविले गेलो असे वाटले असेल, तर त्यांनाही दोष देता येत नाही. आणि दार बंद करून प्रार्थना करणे ही बाईंच्या लेखी लबाडी होती. उघड्या दाराचा परिणाम काय होईल हे त्यांच्यासारख्या चाणाक्ष स्त्रीला कळत नसेल, असे मात्र मानता येणार नाही. एवढे खरे की, त्यानंतर बाईंनी अडपडदा ठेवलाच नाही. पुढची संस्था त्यांनी उघडपणे ख्रिस्ती म्हणूनच काढली.

केडगाव हे पुणे-दौंड लोहमार्गावरचे लहानसे स्थानक. तेथे बाईंनी सुमारे शंभर एकर माळरान विकत घेतले होते. हेतू असा की, फळबाग लावावी आणि अमेरिकेतील मदतीचा दहा वर्षांचा करार संपल्यावर तिच्या उत्पन्नावर सदन चालावे. विहिरी खणल्या, झाडे लावली. तेवढ्यात १८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याच्या बातम्या आल्या आणि बाई तिकडे गेल्या. सरकारी कामांवर आणि अन्नछत्रांवर त्यांनी जे पाहिले, त्याने त्यांना वीस वर्षे मागे नेले. हाडांचे सापळे झालेली पोरे पाहूनच त्यांना धक्का बसला असे नव्हे. निराधार तरुण मुलींवर दलालांची नजर कशी फिरते हेही त्यांनी ओळखले. प्रथम साठेक मुली आणल्या. मग आकडा तीनशेवर गेला. सदनात इतकी जागा नव्हती, पैसा त्याहून नव्हता. त्यातच पुण्यात प्लेग सुरू झाला आणि शहरात एवढी गर्दी एका घरात ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. तेव्हा या सगळ्या मुलींना घेऊन बाई केडगावच्या उघड्या माळावर आल्या. तंबू, गवताचे छप्पर, धान्याची पोती आणि नुकत्याच लावलेल्या झाडांची रोपे, असा त्या संस्थेचा पहिला संसार. तिला ‘मुक्ती’ हे नाव मिळाले. पक्क्या इमारतींचे बांधकाम १८९८ पासून सुरू झाले.

याच प्लेगच्या दिवसांतला एक प्रसंग वगळता येण्यासारखा नाही. सदनातील एक तरुण मुलगी प्लेगच्या व्यवस्थेत नेली गेली आणि तिचा पत्ता लागेना. बाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रातून त्या व्यवस्थेतील स्त्रियांच्या विटंबनेविरुद्ध उघड तक्रार केली. प्रकरण विलायतेपर्यंत गाजले. सरकारने त्यांचे म्हणणे फेटाळले. बाईंनी ते मागे घेतले नाही. ख्रिस्ती झाल्या म्हणून सरकारच्या झाल्या, असा जो समज त्या काळी पसरला होता त्याला एवढे एक उदाहरण पुरे आहे.

तीनशे अनाथ मुली सांभाळणे म्हणजे नेमके काय, याची कल्पना आज करणे कठीण आहे. दीर्घ उपासमारीनंतर आलेल्या मुलाला पोटभर अन्न देता येत नाही. दिल्यास ते दगावते. तोंड आलेले, डोळे आलेले, डोक्यात किडे पडलेले, अंगावर खरूज, आणि पोटात कायमची भूक. भूक गेल्यावरही भुकेची सवय जात नाही. या मुली भाकरी चोरून मातीत पुरून ठेवत, ताटातले हिसकावत. ज्या दुष्काळातून त्या आल्या होत्या तेथे वाटून खाणारे मूल जगतच नव्हते, मग त्यांच्याकडून निराळे काय अपेक्षावे? त्यातच गावोगाव अफवा उठलेल्या असत की, ही बाई पोरींना धष्टपुष्ट करून उलटी टांगते आणि त्यांचे तेल काढते. त्यामुळे प्रेमाने पुढे केलेल्या वाटीकडेही मुली संशयाने पाहत. अनेक मुली वाचल्या नाहीत. त्यांना मूठमाती देण्याचे कामही संस्थेतल्या बायकांनाच करावे लागले.

बाईंचे खरे नेतृत्व येथे दिसते, आणि ते व्यासपीठावरच्या नेतृत्वापेक्षा निराळे आहे. पगारी नोकर आणून हे काम होणार नाही हे त्यांनी पहिल्या काही महिन्यांतच ओळखले. शारदासदनात शिकलेल्या मोठ्या मुली आणि विधवा स्त्रिया यांच्याकडे त्यांनी लहान मुलींचे गट सोपविले. ज्या बाईला समाजाने अपशकुनी म्हणून माजघराच्या कोपऱ्यात बसविले होते, तिच्या पदरात एकदम दहा-पंधरा लेकरे आली. त्यांना न्हाऊ घालावे, औषध लावावे, जेवताना शेजारी बसावे, रात्री त्यांच्यात झोपावे, अक्षरे गिरवून घ्यावी. मुलीला आई मिळाली आणि आईला मुली. शिकलेली मुलगी शिक्षिका होई, तिच्या हाताखालची दोन-तीन वर्षांनी तिच्या जागी येई. बाईंनी या व्यवस्थेवर कधी ग्रंथ लिहिला नाही. पण १९०० साली गुजरातेतून हजाराहून अधिक मुली आल्या, तेव्हा ती कोसळली नाही, याचे श्रेय या योजनेला आहे. मध्य प्रांतातून आणलेल्या मुली तोवर वयात आल्या होत्या. त्यांना भुकेल्या पोरीशी कसे वागावे हे कोणी शिकविण्याची गरज नव्हती.

गुजरातेतल्या मुलींमुळे मुक्तीतील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. तालुक्याच्या गावाला लाजवील एवढी ही वस्ती, आणि तीही जवळजवळ सगळी बायकांची आणि मुलांची. पहाटे घंटा होई, जात्यांची घरघर सुरू होई. मराठी, गुजराती, हिंदी, कानडी अशा भाषा एकाच आवारात कानी पडत. हळूहळू सगळ्याजणी मराठीत बोलू लागत. शाळेबरोबर प्रत्येकीला हाताचे काम शिकावे लागे. माग, तेलघाणा, गोठा, धुणे, शिवण, शेती, छापखाना यांपैकी ज्यात तिचा हात बसेल ते. बाईंचा यामागचा विचार सरळ होता. पुढे लग्न होवो न होवो, या मुलीने कोणाच्या दारात भाकरीसाठी उभे राहता कामा नये. समाजाने बिघडलेल्या ठरविलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन, वृद्धांसाठी प्रीतिसदन, मुलग्यांसाठी वेगळे घर, अशा शाखा निघाल्या. मनोरमाबाई अमेरिकेत शिकत असताना ब्रेल लिपी शिकून आल्या होत्या. त्यांनी अंध मुलींना वाचायला शिकविले आणि वेताच्या व विणकामाच्या हस्तकला हाती दिल्या.

आवाराच्या मध्यावर प्रचंड प्रार्थनामंदिर उभे राहिले. तेथे मुली जमिनीवर मांडी घालून बसत, भजने गात. बाकांची रांग आणि विलायती वाद्यांचा थाट बाईंना नको होता. त्यांच्या अंगावर अखेरपर्यंत साधे पांढरे लुगडे राहिले आणि आहार शाकाहारी राहिला. १९०५ साली येथे धार्मिक जागृतीची मोठी लाट उसळली. मुली तासन् तास रडत, प्रार्थना करीत. परदेशातील ख्रिस्ती जगात केडगावचे नाव यामुळे दूरवर पोहोचले. संशयी वाचकाला हा प्रकार सामूहिक भावावेगाचा वाटेल; श्रद्धावंताला तो ईश्वरी कृपेचा वाटेल. त्या मुलींनी लहानपणी जे पाहिले होते ते मनात कुठेतरी साठून राहिलेले असणार आणि त्याला मोकळे होण्यास वाट हवी असणार, एवढे म्हणण्यास दोघांचीही हरकत नसावी.

ज्यांना मायबाप नाहीत अशा लेकरांना एका धर्मात वाढविणे योग्य की अयोग्य, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो टाळण्यासारखा नाही. १८९७ साली मुक्तीतील कित्येक मुलींना भीमेच्या पात्रात सामुदायिक बाप्तिस्मा देण्यात आला, तेव्हा पुण्यातील पत्रांना नवा विषय मिळाला. बाप्तिस्म्याचा अर्थ त्या वयातल्या मुलीला कितपत समजला असेल, ही शंका अवाजवी नाही. परंतु शंका घेणाऱ्यांपैकी किती जणांनी पंचमहालातील रस्त्यावरून एखादी पोर उचलून घरी आणली, हाही प्रश्न त्याच तराजूत घालावा लागतो. दुष्काळात अन्नछत्रे हिंदू, जैन व पारशी दानशूरांनीही चालविली, आणि गुजरातने ती मोठ्या औदार्याने चालविली, हे सत्य आहे. पण अन्नछत्र पाऊस पडल्यावर बंद होते. अनाथ मुलीला पुढची पंधरा वर्षे हवी असतात. ती पंधरा वर्षे देण्याची तयारी त्या काळी आपल्या समाजाने फारशी दाखविली नाही. मुलगी कोणत्या जातीची हे कळल्याशिवाय तिला घरात घ्यायचे कसे, या पेचाशी आपली दया येऊन थांबत असे. बाईंनी जात विचारली नाही. त्यांच्यावर टीका करणाऱ्यांनाही एवढे मान्य करावे लागले. शिवाय शारदासदनाने घालून दिलेल्या वाटेवरूनच, पण हिंदू समाजाला बिचकू न देता, अण्णासाहेब कर्व्यांनी आपला अनाथ बालिकाश्रम उभा केला; त्यामागे सदनात शिकलेल्या आनंदीबाई होत्या, हेही ध्यानात घ्यावे लागते.

बाईंनी आयुष्याची शेवटची पंधरा-सोळा वर्षे ज्या कामात घालविली ते मराठी भाषेच्या अभ्यासकाने तरी दुर्लक्षू नये असे आहे. संपूर्ण बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत आणायचे त्यांनी ठरविले आणि त्यासाठी पन्नाशीच्या आसपास या दोन्ही भाषा शिकून घेतल्या. मराठी बायबल तेव्हाही उपलब्ध होते. मग हा खटाटोप कशासाठी? बाईंचे उत्तर मुक्तीच्या वर्गात बसलेले होते. जुन्या भाषांतरातील संस्कृतप्रचुर शब्द कालपरवा अक्षर ओळखू लागलेल्या खेड्यातल्या पोरीला कळत नसत. तिला कळेल अशी, जात्यावर आणि विहिरीवर बोलली जाणारी मराठी त्यांना हवी होती. त्यात आणखी एक कारण मिसळलेले होते. संस्कृत धर्मशब्दांबरोबर जुन्या धर्माच्या कल्पना चोरपावलांनी येतात, अशी त्यांची धारणा होती. तिच्याशी प्रत्येकाने सहमत व्हावे असे नाही. या भाषांतराची मराठी ठिकठिकाणी ओबडधोबड झाली आहे आणि मूळ वाक्यरचनेला चिकटून राहण्याच्या हट्टापायी तिचा ओघ अडखळतो. मराठी ख्रिस्ती समाजानेही ती सरसकट स्वीकारली नाही. तरीही कलकत्त्याच्या पंडितांनी जिला सरस्वती म्हटले, तिने आपल्या संस्कृत पांडित्याची सारी श्रीमंती बाजूला ठेवून एका दुष्काळी पोरीच्या शब्दसंग्रहात लिहायला बसावे, याला मराठी वाङ्मयाच्या इतिहासात दुसरे उदाहरण सहज सापडत नाही. सुरतेस याचे महत्त्व विशेष कळावे. गुजराती भाषेतील नवा करार एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी याच शहरातील मिशनच्या छापखान्यात छापला गेला होता. तेथे भाषांतर करणारे विलायती पाद्री होते. केडगावला भाषांतर करणारी, खिळे जुळविणारी, कागद घडी करणारी, बांधणी करणारी, सगळी माणसे देशी, आणि बहुतेक बायका. त्यांतल्या काहीजणींनी खिळ्यांवरूनच आपले वाचन पक्के केले होते.

१९१९ साली सरकारने बाईंना कैसर-ए-हिंद पदक दिले. तोवर त्या थकल्या होत्या. कारभाराचा भार मनोरमाबाईंनी उचलला होता. शाळा त्यांच्याकडे, आल्या-गेल्यांची व्यवस्था त्यांच्याकडे, निजामाच्या मुलखात गुलबर्ग्यास काढलेल्या शाळेची काळजीही त्यांच्याकडे. आईच्या मागे ही संस्था मुलगी चालवील, याविषयी कोणाच्या मनात शंका नव्हती. बालपणापासून आईबरोबर तीन खंडांत फिरलेल्या या मुलीला स्वतःचे असे आयुष्य फारसे मिळालेच नाही. तिच्या वाट्याची आई दोन हजार मुलींत वाटली गेली होती. तिने त्याबद्दल तक्रार केल्याचे कोठे दिसत नाही. २४ जुलै १९२१ रोजी मिरजेच्या रुग्णालयात मनोरमाबाईंचे निधन झाले. वय अवघे चाळीस.

तेविसाव्या वर्षाच्या आत बाईंनी आई, वडील, बहीण, भाऊ आणि पती गमावले होते. आता मुलगीही गेली. या बातमीनंतर त्या फार बोलल्या नाहीत. मुद्रिते तपासण्याच्या कामाला पुन्हा बसल्या. हिवाळाभर ते काम चालू होते. जुन्या कराराची पाने छापखान्यातून ओली येत, बाई त्यांवर खुणा करीत, मुली ती परत नेत. ५ एप्रिल १९२२ रोजी पहाटे झोपेतच त्यांचा अंत झाला. तपासणीचे काम त्या वेळी हातावेगळे झालेले होते असे सांगतात. शव वाहून नेणाऱ्यांत आणि मागे चालणाऱ्यांत बाईंनी वाढविलेल्या मुलीच अधिक होत्या. मायलेकींना केडगावच्या मातीतच विसावा मिळाला.

छापखाना मात्र थांबला नाही. खिळे जुळविणे, फर्मे छापणे आणि बांधणी आणखी दोन वर्षे चालली. १९२४ मध्ये संपूर्ण ग्रंथ बाहेर पडला, तेव्हा गुजरातेतून गाडीने आणलेल्या लेकरांतली धाकट्यांतली धाकटीही पंचविशीच्या घरात आली होती.